चालू, बंद की नवीन?

गल्लोगल्ली हिंडायचं आणि कोणता धंदा चालू आहे, कोणता बंद पडला, कोणता नवीन निघाला ते लिहून आणायचं, हे तिचं काम. सगळीकडच्या नोंदी एकत्र झाल्या की वरचे साहेब त्यांचे आकडे करत आणि कुठला भाग वर चाललाय, कुठला खाली, ते ठरवत. पण आकड्यांचं तिला एवढं काही नव्हतं. लोकांच्या दारात डोकावायचा पगार मिळतो हे कळलं, त्या दिवसापासून बाई या नोकरीवर जीव टाकत होती. माहेरी तिला चौकशीताई म्हणत. ऑफिसातही तेच नाव चिकटलं आणि ती ते पदवीसारखं मिरवू लागली.

तिची एक पद्धत होती. मालकाला कधी विचारायचं नाही. "धंदा कसा काय?" म्हटलं की मालक छाती काढून म्हणणार, "जोरात!" मग दिवसभर माश्या मारत का बसलेला असेना. म्हणून ती शेजाऱ्याला विचारी. शिंप्याची खबर चपलावाल्याकडून, चपलावाल्याची इस्त्रीवाल्याकडून. आणि शेजारी काय, विचारलं त्याच्या दुप्पट सांगत! नियम साधा होता. वर्षभरात पैसे घेऊन गिऱ्हाइकाचं एखादं तरी काम केलं असेल, तर दुकान चालू. नुसतं शटर वर करून झाडलोट करणारा, बंद. आणि दुकान तेच पण काम बदललं, तर जुनं बंद नि नवं नवीन.

यंदा एक सहकारी बदलून गेला आणि त्याची गल्ली हिच्या गळ्यात पडली. त्या गल्लीत तिच्या नवऱ्याचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. सासऱ्यांनी काढलेलं.

"ते एक दुकान मी बघतो," साहेब म्हणाले. "घरचं प्रकरण आहे."

"कशाला साहेब? मी कुणाला सोडलंय का?"

साहेबांनी त्या गल्लीचा कागद तिच्यापुढे सरकवला. सख्ख्या दिराचा छापखाना बंद लिहून या बाईनं जावेचा अबोला ओढवून घेतला होता, हे अख्ख्या ऑफिसला ठाऊक होतं.

जेवताना तिनं नवऱ्याला सांगितलं, "अहो, उद्या तुमच्या गल्लीत येतेय."

त्याचा घास हातातच राहिला. "आमच्या गल्लीत काय बघायचंय?"

"का, बघण्यासारखं काही नाही?"

"आहे की! परवाच दोन रेडिओ आले," असं म्हणून त्यानं कान खाजवला.

कान खाजवला की थाप, हे ती लग्नापासून ओळखून होती. साऱ्या गावाच्या खबरा हिच्याकडे, आणि घरचा माणूस डबा घेऊन जातो तो दिवसभर करतो काय, याचा पत्ता नाही! बायका दुकानात आल्या की गिऱ्हाईक बिचकतं, असं सासऱ्यांचं म्हणणं. म्हणून तिनं तिकडे कधी पाऊल टाकलं नव्हतं. आता बंद लिहावं, तर सासऱ्यांचं दुकान सुनेच्या हातून मरणार. चालू लिहावं, तर दिराला कुठल्या तोंडानं बंद लिहिलं होतं?

सकाळी ती आधी शेजारच्या सलूनमध्ये शिरली.

"शेजारचा रेडिओवाला कसा काय?"

सलूनवाल्यानं गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा उचलला. असल्या विषयाला दोन्ही हात मोकळे लागतात. "रेडिओ? ताई, शेवटचा रेडिओ कधी आला ते त्यालाही आठवायचं नाही. पण घरी सांगायची सोय नाही बिचाऱ्याला. बायको म्हणे पोलिसांच्या वरताण!"

"असं?" चौकशीताईनं पेन घट्ट धरलं. "दिसायला कशी आहे?"

"मी नाही पाहिली. तो म्हणतो, देखणी आहे, पण तिच्यापुढे खोटं टिकत नाही."

'देखणी' म्हटल्याबद्दल तिनं 'पोलिस' माफ केलं. "मग दिवसभर करतो काय?"

"कानाची यंत्रं!" साबण लावलेलं गिऱ्हाईकच बोललं. "कंपनीवाले म्हणतात नवं घ्या, हा जुनंच बरं करून देतो. आमच्या आईचं त्यानंच केलं. आता घरात आम्हाला हळू बोलावं लागतं."

"पैसे किती घेतो?"

"छे! म्हणतो, माझा धंदा रेडिओचा. हे आपलं असंच."

असंच! फुकटच्या कामाला तिच्या नियमात जागाच नव्हती. जड पायांनी ती शेजारच्या दुकानाशी गेली.

आत नवरा डोळ्याला भिंग लावून बसला होता. समोरच्या म्हाताऱ्या बाईंनी, रिटायर झालेल्या शाळामास्तरीण होत्या त्या, यंत्र कानात घातलं नि वर बघितलं. "अगोबाई, हा पंखा एवढा कुरकुरतो?" मग त्यांनी पर्स उघडली.

"राहू द्या हो बाई."

"राहू द्या काय? मागच्या वेळी असंच फुकट केलंस. पुन्हा यायची लाज वाटली म्हणून इतके दिवस बहिरी बसले मी!"

नवऱ्यानं भिंग काढलं, तर दारात बायको.

"परवाचे रेडिओ कुठायत?" तिनं विचारलं.

त्याचा हात कानाकडे गेला आणि अर्ध्यातच खाली आला. "नाही आले," तो म्हणाला. "बंद लिहिणार?"

"रेडिओचं बंदच लिहिणार."

"वडिलांचं आहे गं ते."

"म्हणून तर खोटं लिहीत नाही. पुढचं तुमच्या हातात आहे. बाई मघापासून पर्स उघडून उभ्या आहेत."

तो फळीवरच्या जुन्या रेडिओंकडे बघत राहिला. धूळ बसू नये म्हणून रोज पुसायचा तो त्यांना. मग त्यानं हळूच हात पुढे केला. शाळामास्तरीणबाईंनी हातावर पैसे असे आपटले, जणू धडा न येणाऱ्या पोराला छडीच मारली.

चौकशीताईनं दोन नोंदी केल्या. एक बंद. त्याखाली एक नवीन. मग पेन सरसावून सरकारी आवाजात विचारलं, "काय मालक, धंदा कसा काय?"

"मालकाला विचारत नसतात ना?" तो म्हणाला. किती तरी दिवसांनी त्याच्या ओठांवर हसू आलं होतं. "शेजाऱ्याला विचार."

तिनं तोंड उघडण्याआधीच भिंतीपलीकडून आवाज आला, "जोरात चाललाय, वहिनी! आणि मघाचं ते पोलिसांचं मनावर घेऊ नका!"