आवाज मागून येतो

अमरावतीहून अकोल्याला जाणाऱ्या एसटीत मी साउंडबारचा लांबलचक खोका मांडीवर आडवा धरून बसले होते. शेजारच्या बाई बडनेऱ्यापासून त्याच्याकडे संशयाने पाहत होत्या. मूर्तिजापूर येईपर्यंत त्यांनी कसाबसा दम धरला आणि मग विचारलंच, "काय हाय वं त्याच्यात?"

"टीव्हीचा आवाज," मी म्हटलं.

"टीव्हीले आवाज नसते काय?"

"असतो. माझ्या आईला पुरत नाही."

त्यांनी समजल्यासारखी मान हलवली, खोक्याचं एक टोक स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि डुलक्या घ्यायला लागल्या. मला मात्र झोप कुठली? मी सारखी खोक्याची पट्टी ओढून बघत होते, मोबाइल काढत होते, आत ठेवत होते. त्या दिवशी मला आईला एक प्रश्न विचारायचा होता. त्यांच्यासाठी घेतलेला नवा टीव्ही आणि हा साउंडबार, सगळा नुसता बहाणा होता.

प्रश्न जुनाच होता. मागच्या दिवाळीत अकोल्याच्या स्वयंपाकघरात मी तिला विचारलं होतं, "आई, तू आणि बाबा माझ्याकडे अमरावतीला कायमचे राहायला येता का?" हे विचारायला मी किती दिवस मनाची तयारी केली होती ते माझं मला ठाऊक. आई खाली बसून मेथी निवडत होती. तिने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, वर बघितलंसुद्धा नाही. मेथीची एकेक काडी खुडत राहिली. तिथेच दारात उभ्या असलेल्या बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "तुही आई हो म्हनत असन तं माहं काय, मी पिशवी उचलली का निघालो." म्हणजे सगळं तिच्यावर येऊन थांबलं होतं, आणि ती गप्प होती.

त्यानंतर ती माझ्याशी फोनवर बोलेनाशी झाली. मी फोन केला की, "बरी हाय. जेवली काय? घे, बाबासंग बोल," आणि फोन बाबांच्या हातात. पूर्वी हीच बाई शेजारणीच्या सुनेने कोणत्या रंगाचं लुगडं घेतलं इथपासून सांगायची. व्हिडिओ कॉल करावा तर बाबा फोन असा धरायचे की मला त्यांचं कपाळ आणि पंखा दिसायचा. मला राग यायचा. मग वाईट वाटायचं, आणि मग पुन्हा राग. लेकीच्या घरी कसं राहायचं, लोक काय म्हणतील, हाच विचार तिच्या डोक्यात असणार, असं मी ठरवून टाकलं होतं. पण मला ते तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

घरी पोचले तेव्हा टीव्ही आदल्या दिवशीच भिंतीवर चढलेला होता. दुकानाचा माणूस बुद्धाच्या तसबिरीखाली तो नीट बसवून, रिमोट बाबांच्या हाती देऊन निघून गेला होता. आई खिडकीजवळच्या दिवाणावर बसली होती. मला बघून हसली, पाणी आणायला उठली. तिला कमी ऐकू येतं हे आम्हाला माहीत होतं. आम्ही अकोटला राहायचो तेव्हा तिथल्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात तिची उमेदीची वर्षं गेली. तिथल्या मशिनींच्या धडधडाटात काम केलेल्या कुठल्या बाईचे कान शाबूत राहिले? म्हणून तर टीव्हीचा आवाज इतका मोठा असायचा की समोरच्या घरातून निरोप यायचा. साउंडबारने आवाज साफ येतो, मोठा करावा लागत नाही, असं मला कुणीतरी ऑफिसात सांगितलं होतं.

बाबांचा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. ते एसटीत कंडक्टर होते, आणि रिटायर झाले तेव्हा हौसेने एक होम थिएटर घेतलं होतं. एक जाडजूड डबा, चार कोपऱ्यांत चार छोटे स्पीकर, आणि दिवाणाखाली एक मोठा, जो वाजला की भांडी थरथरायची. त्या डब्यावर आईने विणलेला रुमाल असायचा. त्यांनी तो रुमाल काढून घडी करून ठेवला होता आणि तीन रंगांच्या वायरी हातात घेऊन ते माझी वाट बघत होते.

"पह्यले हे जोड," ते म्हणाले.

मी टीव्हीच्या मागे मोबाइलचा उजेड पाडून पाहिलं. लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरींसाठी तिथे जागाच नव्हती.

"बाबा, याला ही भोकंच नाहीत."

"नाहीत? मंग एवढ्या पैशात काय देल्लं त्यायनं?"

"हे नवं आहे. याला चपटी वायर लागते."

"जुन्याले तीन लागत होत्या, सारं चालत होतं. नव्याले एक लागते अन् काही चालत नाही," असं म्हणून ते वायरी गुंडाळायला लागले. त्यांचा चेहरा पाहून मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. मी म्हटलं, बाजारात एक जोडणी मिळते, ती आणून नंतर लावू. ते म्हणाले, नंतर म्हणजे कधी ते मला माहीत आहे.

सेटटॉप बॉक्स टीव्हीला जोडून झाला, चित्र आलं. साउंडबार टीव्हीखाली ठेवायला मी उचलला, तर बाबा मधे आले.

"तिथं काहून ठेवून राहिली? ज्याच्यासाठी आनला त्याच्यापाशी ठेव. तिच्या कानाजवळ."

"बाबा, तो टीव्हीखालीच ठेवतात. सगळीकडे."

"साऱ्यायच्या घरी तुही आई बसते काय?"

साउंडबार खोलीच्या दुसऱ्या टोकाला, दिवाणाशेजारच्या खिडकीच्या कठड्यावर विराजमान झाला. आता खोक्यात मिळालेली वायर तिथवर पोचणं शक्यच नव्हतं. मी ती ताणून बघितली, टेबल सरकवून बघितलं, टीव्ही भिंतीवर तिरका करून बघितला. शेवटी वैतागून वायर फेकली आणि ब्लूटूथवर जोडलं. आईने या सगळ्या गोंधळात एक शब्द काढला नाही. मी या भिंतीकडून त्या भिंतीकडे पळत होते आणि पळता पळता तिच्याशी बोलत होते. आई, पाय वर घे. आई, तो बोर्ड चालू आहे का? आई, इथे आवाज येतोय का? ती कधी मान हलवायची, कधी नाही. माझा पारा चढत चालला होता. एवढं सगळं तिच्यासाठी चाललंय आणि ही ढिम्म.

रविवारची दुपार होती. एका वाहिनीवर विनोदी कार्यक्रम लागला. आवाज सुरू झाला, आणि बाबांनी कपाळाला हात लावला.

"हे पाय. थो बोलून राह्यला अन् आवाज मागून येऊन राह्यला."

खरंच तसं होत होतं. नटाचं तोंड मिटायचं आणि मग वाक्य संपायचं. ब्लूटूथमुळे आवाज उशिरा पोचत होता. मी रिमोट घेऊन सेटिंगमध्ये शिरले, एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. काही केल्या ते जुळेना. बाबा म्हणत होते, आमचं जुनं बरं होतं. मी म्हणत होते, दोन मिनिटं थांबा हो.

आणि आई हसली.

मी वर बघितलं. पडद्यावर नटाने तोंड वेंगाडलं होतं. त्यानंतर त्याचं वाक्य खिडकीतून आलं, त्यानंतर कार्यक्रमातले लोक हसले, आणि मग बाबा हसले. आई सगळ्यांच्या आधी हसून मोकळी झाली होती. मला वाटलं, तिने हा भाग आधी पाहिला असेल. बाबांना विचारलं, तर ते म्हणाले, "नाही, आजच लागला हा." मी रिमोट खाली ठेवला. पुन्हा एक विनोद झाला, पुन्हा आई आधी. ती मुळी आवाजाची वाट बघतच नव्हती.

मी हळूच रिमोटवर आवाज बंद केला.

"गेला वाटते आवाज," बाबा म्हणाले. आई पडद्याकडे बघत होती. कानाशी ठेवलेला साउंडबार मुका झाला होता आणि ती पदर तोंडाला लावून हसत होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या हातातली वायर खाली पडली.

जिनिंगमध्ये मशीन सुरू असताना ओरडूनही काही ऐकू जात नसे. तिथल्या बाया नुसत्या ओठांनी बोलायच्या. लहानपणी आईचा डबा घेऊन गेले की मी ते बघत उभी राहायचे. ही इकडून काहीतरी म्हणणार, ती पार तिकडच्या टोकाला हसणार, आणि मुकादम मधे उभा असून त्याला पत्ता नाही. घरी येऊन आई सांगायची की त्याच्याबद्दलच चाललं होतं. कान गेले तरी तिचं ते डोळ्यांचं ऐकणं शाबूत होतं. त्याच्याच जोरावर तिने आम्हा सगळ्यांना इतके दिवस गाफील ठेवलं होतं. बाबा तिच्यासमोर बसून, मोठ्याने, हातवारे करून बोलतात, त्यामुळे त्यांना कळलं नाही. मला फोनमुळे कळायला हवं होतं, पण मी रागावण्यात गुंतले होते.

आम्ही दोघं तिच्याकडे बघतोय हे तिच्या लक्षात आलं. "काय झालं?" ती म्हणाली.

मी भडाभडा बोलायला लागले. किती दिवसांपासून असं आहे, सांगितलं का नाहीस, डॉक्टरकडे जायचं, कानाला मशीन लावायचं. बोलता बोलता मी पडलेली वायर उचलली, खोका बंद केला, पाण्याचा ग्लास आत नेऊन ठेवला.

"इकडं ये," तिने मोठ्याने म्हटलं. "बस येथी."

मी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"आता बोल. हळू."

"सांगितलं का नाहीस?" मी हळू विचारलं.

"दोनदा 'काय काय' केलं का मानसाचं तोंड बदलते," ती म्हणाली. "मले थे पाहावत नाही. टीव्हीतले लोक बरे, समोर पाहून बोलतात. तू आली का भिताडासंग बोलतं, कपाटासंग बोलतं. तुह्या पाठीवरून मले काय समजनार?"

मला मागच्या दिवाळीचं ते स्वयंपाकघर जसंच्या तसं दिसलं. ती खाली मेथी निवडत होती. आणि मी गॅससमोर, तिच्याकडे पाठ करून उभी होते.

रडले असते तर ओठ वाकडे झाले असते आणि तिला वाचता आलं नसतं, म्हणून मी रडणं आवरलं. पुढे सरकले, तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि एकेक शब्द सुटा करत विचारलं, "आई, तू आणि बाबा माझ्याकडे राहायला येता का? कायमचे?"

तिने माझे ओठ शेवटच्या शब्दापर्यंत पाहिले. मग बाबांकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे.

"तुह्या बाबाचे ओठ पाहून दिवाळीतच समजलं मले. तवापासून वाट पाहून राहिली मी," ती म्हणाली, "का हे पोरगी कवा इचारते."