सुधाचं लोण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही — चाळीस-बेचाळीस वर्षांचा संसार झाला, पण नाही. मित्रांना नाही. आणि जिला सांगायला हवं होतं, ती माझी सख्खी धाकटी बहीण सुधा, इथून तासाभराच्या वाटेवर बिडकीनला राहते. फोन केला की लगेच उचलते. तिलाही नाही.

चीड येते ती याचीच. काय अवघड होतं त्यात? मी कुणाचा जीव घेतला नव्हता. लहानपणीच्या खेळातली गोष्ट. तुम्ही म्हणाल, एवढ्याशासाठी पंचाहत्तरीत कागद-पेन कशाला? मीही स्वतःला इतकी वर्षं हेच म्हणत आलो — लहानपणीची गोष्ट. चांगली सोय आहे ही.

माझा नातू ईशान मेलबर्नला असतो. त्याच्या वर्गात निरनिराळ्या देशांची मुलं आहेत. बाईंनी सगळ्यांना आपापल्या आजी-आजोबांचे खेळ विचारून यायला सांगितलं. त्या दिवशी सुधा डोळे तपासायला शहरात आली होती, म्हणून व्हिडिओ कॉलवर आम्ही दोघं खुर्च्या चिकटवून बसलो. मी लगोरी सांगितली, विटीदांडू सांगितला, आट्यापाट्या सांगितल्या. मग ईशाननं विचारलं, "आजोबा, अगदी लहान कुणी खेळायला आलं तर तुम्ही काय करायचात? आमच्या वर्गात कोरियाची मुलगी आहे ना, त्यांच्याकडं त्या मुलाला मुळ्याच्या लोणच्याचं नाव देतात. तो खेळतो, पण आऊट होत नाही."

मी तोंड उघडायच्या आत सुधा म्हणाली, "अरे, आमच्यात कच्चं लिंबू म्हणतात! मीच होते ना कच्चं लिंबू. तुझे आजोबा मला कधी बाद होऊ द्यायचे नाहीत. गल्लीशी भांडायचे माझ्यासाठी."

मी हसलो. दुसरं काय करणार होतो? — नाही, हा प्रश्न चुकीचा आहे. बरंच काही करता आलं असतं. मी हसलो.

काही दिवसांनी फोटो आला. वर्गाच्या भिंतीवर देशोदेशीचे खेळ. कोरियाच्या शेजारी आपलं लिंबू, हिरव्या खडूनं रंगवलेलं, आणि खाली ईशानच्या अक्षरात लिहिलेलं, की माझे आजोबा कुणालाही खेळाबाहेर ठेवायचे नाहीत. सुनेनं तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी हात जोडले, फुलं पाठवली. सुधानं आवाज रेकॉर्ड करून पाठवला: "बघ दादा, तुझं नाव साता समुद्रापार गेलं!" फोन भिंतीवर फेकून मारावासा वाटला मला.

आम्ही तेव्हा याच शहरात, औरंगपुऱ्यात राहायचो. घरामागं मोकळं पटांगण होतं, तिथं संध्याकाळी आट्यापाट्या रंगायच्या. राखेनं आडव्या रेघा मारायच्या — त्या पाट्या. प्रत्येक पाटीवर एकानं उभं राहून वाट अडवायची. समोरच्यांनी हूल देत, अंग चोरत सगळ्या पाट्या ओलांडायच्या आणि तशाच परत यायचं. हात लागला की बाद. न लागता परत आला, की "लोण!" म्हणून ओरडायचं. लोण आणणाऱ्याला त्या संध्याकाळपुरतं राज्य मिळाल्यासारखं वाटायचं.

सुधा पाच-सहा वर्षांची असताना मागं लागायची, तेव्हा तिला कच्चं लिंबू म्हणून घेतली. हे खरं आहे. तिला हात लागला तरी ती बाद नाही, आणि तिनं पाटी ओलांडली तरी ती मोजायची नाही. भांडलोही असेन तिच्यासाठी. तेवढंच तिच्या लक्षात राहिलंय.

पण मुलं मोठी होतात. दहा-अकराची झाली तोवर सुधा आमच्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा चपळ झाली होती. कुणी ठरवलं नाही, पण तिचं कच्चं लिंबूपण आपोआप सुटलं. तिला हात लावायचा प्रयत्न सगळे मनापासून करायचे, आणि तो लागायचा नाही. मी तिच्याहून तीन वर्षांनी मोठा, गल्लीचा पुढारी. शेवटची पाटी नेहमी माझी.

एका संध्याकाळी ती सगळ्यांना चुकवून माझ्यासमोर आली. डावीकडं हूल दिली — खांदा, मान, डोळे, सगळं डावीकडं — आणि मी झेप घेतली. ती उजवीकडून निघून गेली. मी राखेत तोंडावर पडलो. उठलो तर तोंड पांढरं, आणि ती तशीच मागं फिरून, बाकीच्यांना चुकवत परत पोचून "लोण!" म्हणून ओरडतेय. शेजारचा हमीद पोट धरून हसत होता. "क्या मियाँ! छोटी ने तेरेकू पावडर लगा दी!"

सगळे हसले. नाकात राख गेली होती, डोळ्यांत पाणी आलं होतं, त्यानं आणखी हसले. मी ओरडलो, "लोण कसलं? ती कच्चं लिंबू आहे. तिचं धरायचं नाही."

हमीद म्हणाला, "अरे नक्को ना यार, कब की बात करता!" पण लगोरीचे चेंडू माझे, पटांगण आमच्या घरामागचं, शब्द माझा. सुधानं माझ्याकडं पाहिलं. भांडली असती तर बरं झालं असतं. ती "बरं" म्हणाली. त्या दिवसापासून पुन्हा कच्चं लिंबू. तिला वाटलं, दादाला आपली काळजी.

इथवरचं सांगता आलं असतं. हसत हसतसुद्धा. पुढचं नाही.

त्याच हिवाळ्यात तिच्या शाळेतल्या खेळाच्या बाई घरी आल्या. मुलींचा खो-खोचा संघ परभणीला जायचा होता आणि त्यांना सुधा हवी होती. "तिच्यासारखी पळणारी माझ्याकडं दुसरी नाही," असं त्या वडिलांना म्हणाल्या. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. कचेरीत कारकून होते, तापट नव्हते, पण चार लोकांत हसं होण्याची त्यांना फार भीती. बाई गेल्यावर त्यांनी मला बोलावलं. सुधा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"तू खेळतोस रोज तिच्याबरोबर. झेपेल का रे तिला? परगावी जायचं म्हणजे..."

त्यांना नाही म्हणायचं नव्हतं. हे मला तेव्हाच कळलं होतं, म्हणून लिहितो. मी हो म्हटलं असतं तर ते हो म्हणाले असते. मी म्हणालो, "नाना, ती कच्चं लिंबू आहे. आम्ही तिला बाद धरत नाही, म्हणून ती टिकते. तिकडं कोण असं चालवून घेईल?"

नानांनी मान हलवली. "मग नकोच." सुधा आत निघून गेली.

झालं. एवढंच. तिचं सगळं आयुष्य माझ्या या वाक्यानं ठरलं, असं मी म्हणणार नाही — तसं म्हणणं म्हणजे त्यातही स्वतःला मोठं करून घेणं. पण मग मॅट्रिकनंतर पुढं शिकायचं निघालं तेव्हा ती म्हणाली, मला नाही जमायचं. शाळेत नोकरी चालून आली, तेव्हाही तेच. तिचे यजमान गेले, मुलगा म्हणाला, आई, बँकेत तू जात जा, मी शिकवतो. "नाय रे बाबा, मी मेली कच्चं लिंबू." मी समोर बसलो होतो. खेकसलो तिच्यावर. "काय सारखं कच्चं लिंबू, कच्चं लिंबू! का नाही जमणार?" ती दचकली, मग हसली. भाच्याला म्हणाली, "बघ, अजून भांडतो माझ्यासाठी."

काय करायचं अशा माणसाचं? दोनदा मी सांगायला सुरुवात केली. एकदा तिच्या मुलीच्या लग्नात, एकदा दवाखान्याच्या बाकावर. दोन्ही वेळा "दादा, तू होतास म्हणून" असं काहीतरी ती बोलली, आणि मी विषय बदलला. ऐकायला गोड लागायचं, हेही लिहून ठेवतो.

आता राहिलं ते. संघ निघाला त्या सकाळी सुधानं हट्ट धरला, मैत्रिणींना पोचवायला जायचं. नानांनी मला सोबत धाडलं. स्टँडवर परभणीची गाडी लागलेली होती. तिच्या जागी जी मुलगी घेतली होती, तिची पिशवी सुधानं स्वतः उचलून गाडीत ठेवली. खिडकीशी उभी राहून तिला सांगत होती, "डावीकडं हूल दे आणि उजवीकडून नीघ, घाबरू नको." गाडी सुटली. मुली हात हलवत गेल्या. धुरळ्याकडंच बघत, माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, "दादा, खरंच मी पहिल्याच डावात बाद झाले असते का रे?"

आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं. नाना नव्हते, हमीद नव्हता, हसायला कुणीच नव्हतं.

मी म्हणालो, "हो."