अक्षतांवर टेकलेली फळी

लिहिण्याचा मला काही अधिकार आहे असे वाटत नाही, आणि ज्या कामाविषयी लिहिते आहे त्यातही मी अजून शिकाऊच आहे. तेव्हा वाचकांनी आधीच क्षमा करावी. महाविद्यालयात गणित शिकवून निवृत्त झाल्यावर मी शिरवणे गावातल्या एका शेडमध्ये लाकूड कोरणारे, संगणकावर चालणारे सीएनसी यंत्र शिकायला जाऊ लागले. खारघरच्या आमच्या सोसायटीत हे अजून कोणाला सांगितलेले नाही. शेडचे मालक मूळचे साताऱ्याकडचे, वयाने माझ्यापेक्षा पुष्कळ लहान. माझा हात बटणाजवळ थबकला की म्हणत, “मॅडम, चावत नाय ती मशीन. मला तर अजून एकदाबी चावली नाय.”

त्या दिवशी सारसोळ्याहून एक आजी आपल्या मुलाला घेऊन आल्या. बरोबर आंब्याची चार फुटी फळी होती, दोन्ही कडांना साल तशीच राखलेली. त्यांचे जुने घर पाडून इमारत उभी राहिली, त्यात अंगणातला आंबा गेला. तो त्यांच्या दिवंगत यजमानांनी लावलेला. आतून पोखरलेल्या खोडातून एवढी एकच फळी धड निघाली होती. तिच्यावर यजमानांचे नाव कोरून ती नव्या घराच्या दारावर बसवायची होती. बिघडली तर दुसरी नव्हती.

फळी यंत्राच्या पाटावर ठेवण्याआधी आजींनी मुलाला थांबवले. “पयले जागेची पूजा करते, बाय,” त्या मला म्हणाल्या. “झार निजवाचा हाय ना.” झाड म्हणजे ती फळीच. त्यांनी पाटावर हळदकुंकू वाहिले, अक्षता टाकल्या. मुलाने फळी उचलून त्याच अक्षतांवर ठेवली. मालकांनी नाव संगणकात आधीच चढवले होते. मांडणी माझ्यावर सोपवून ते बाहेर टेम्पोतला माल उतरवून घ्यायला गेले.

साल राखलेल्या फळीला सरळ कड नसते, म्हणून माप कोपऱ्यापासून घेता येत नाही. सुताने मधली रेघ मारायची, तिच्या मध्यावर कागदाची चिठ्ठी धरायची, कोरणारे टोक हळूहळू खाली आणायचे आणि चिठ्ठी अडकली की तिथे शून्य मानायचे; कोरण्याची खोली तिथून मोजली जाते. एवढे मला पाठ होते. शून्य घेतल्यावर शिकवल्याप्रमाणे दोन्ही बाजूंना तीच चिठ्ठी धरून पाहिली. उजवीकडे ती किंचित सैल राहिली. डावीकडे मात्र टोक त्या उंचीवर येण्याआधीच अडले. फळी त्या बाजूला उचललेली होती.

कारण मला ठाऊक होते. डाव्या कडेखाली दोन-तीन पिवळे दाणे दिसतही होते. सांगायचे एवढेच होते की फळी जरा उचला, खालचे दाणे काढते. पण आजी हात जोडून उभ्या होत्या. यजमानांच्या झाडासाठी त्यांनी वाहिलेल्या अक्षता मी फडक्याने झटकायच्या? मी मनात वाक्य जुळवत राहिले, ते जुळेना. मग गणिताच्या माणसाला न शोभणारी समजूत मी स्वतःची घातली: फळी पाटाला जखडणारे क्लॅम्प घट्ट आवळले की दाणे चिरडतील. क्लॅम्प आवळले. चिठ्ठी पुन्हा लावून पाहिली नाही. पाहिली असती तर बोलावे लागले असते.

यंत्र सुरू केले आणि पहिल्याच अक्षरावर त्याचा आवाज जड झाला. निमुळते टोक जास्त खोल जात होते, त्यामुळे रेघ आखणीपेक्षा रुंद उतरत होती. मी लाल बटण दाबले तोवर अक्षर पुरे झाले होते.

आवाज थांबलेला ऐकून मालक आत आले. त्यांनी वाकून कडेखाली पाहिले, एक चपटा झालेला दाणा नखाने ओढून काढला आणि माझ्याकडे पाहिले. मग फळीच्या कडांना लागून पाटावर खडूने खुणा केल्या. आजींना म्हणाले, फळी थोडी उचलावी लागेल, अक्षता तुम्हीच घ्या. आजींनी त्या निमूट वेचल्या आणि पदराच्या टोकाला बांधल्या. मला जे सांगता आले नव्हते ते इतक्या सहज उरकले होते.

फळी खडूच्या खुणांवर परत बसवली, शून्य नव्याने घेतले, उरलेले नाव नीट उतरले. पहिल्या अक्षराइतकी खोली सगळ्यांना दिली असती तर बारीक रेघा एकमेकींत मिसळल्या असत्या. म्हणून ते एकटेच खोल राहिले.

“लाकडात पीळ हाय, आज्जी,” मालक म्हणाले. “पयलं अक्षर जरा खोल गेलं.”

मी काम करत असल्यासारखी भुसा झाडत राहिले. आजींनी त्या अक्षरातून बोट फिरवले. “तेंचा पन तसाच होता,” त्या म्हणाल्या. “पयला सबूद जोरान, मंग सगला हलू.” मुलगा हसला.

फळी आता दारावर आहे. नव्या घराच्या पूजेला आजींनी मलाही बोलावले, माझा हात धरून दाराशी नेले आणि आलेल्या प्रत्येकाला ते अक्षर दाखवत यजमानांच्या बोलण्याची गोष्ट सांगितली. मी मान डोलावत उभी होते. खरे सांगितले तर माझी चूक त्यांना कळेल, आणि ती ज्यांमुळे झाली त्या अक्षता त्यांच्याच हातच्या होत्या, हेही कळेल. गप्प राहण्यात त्यांची काळजी किती आणि माझी भीती किती, हे मला वेगळे करता येत नाही. मालकांच्या मते विषय संपला आहे.

तुम्ही माझ्या जागी असता, तर आजींना सांगितले असते का?