लोर्नाताई परत का आल्या

आदरणीय लोर्नाताई माझ्या पालघरच्या गायनवर्गात पहिल्यांदा आल्या, तेव्हा त्या आमच्या आवाजाची तक्रार करायला आल्या असाव्यात असे मला वाटले. उंच, काळ्यासावळ्या, पन्नाशीच्या त्या परदेशी बाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मास्तर, मला सा शिकवा." त्यांचे पती विश्वासराव बोईसरच्या एका कारखान्यात अभियंते होते आणि दोघे बेटेगावात घर बांधून राहत होते, एवढेच मला कळले. मी त्यांना नव्या मुलींच्या रांगेत बसवले. आवाज जड आहे, मेहनत लागेल, असेही सुनावले. त्यांनी शांतपणे मान डोलावली.

चार महिन्यांनी विश्वासराव त्यांना न्यायला आले आणि बोलता बोलता म्हणाले, "हॅम्बुर्गला हिचं गाणं ऐकायला मी रांगेत उभा राहिलो होतो." तेव्हा उलगडा झाला. ताईंचा जन्म कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावरचा. विशीत त्या जर्मनीला गेल्या. चर्चमधल्या भक्तिगीतांतून वाढलेली, सोल नावाची एक गायकी आहे. ती आणि नाचघरांतली ठेक्याची गाणी गाऊन त्यांनी तिकडे नाव कमावले. कामानिमित्त तिथे असलेल्या विश्वासरावांशी लग्न केले आणि पुढे त्यांच्याबरोबर इकडे आल्या. मी ओशाळून विचारले, "ताई, सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं नाय," त्या म्हणाल्या. मराठी त्या मासळीबाजारात शिकल्या होत्या.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. आमच्या वर्गाच्या वार्षिक कार्यक्रमात आपलेही एक गाणे गावे, असे ताईंनी एकदा सुचवले. "आपले लोक भजनं, भावगीतं ऐकणारे. नाचाची गाणी इथे बरी दिसणार नाहीत," मी म्हणालो. त्या "बरं" म्हणाल्या आणि खुर्च्या मांडायला लागल्या. पूर्ण कार्यक्रम त्यांनी मागे बसून ऐकला. रागावल्या होत्या का, हे मला आजही सांगता येणार नाही. त्या वेळी क्षमा मागायची राहिली. ती ताईंच्या या गौरव अंकातून सर्वांसमक्ष मागतो.

त्यानंतर तारापूरच्या हिराबाईंचे यजमान समुद्रावर गेले ते परतले नाहीत. हिराबाई ताईंच्या दारी मासळी विकायच्या. यजमान गेल्यापासून त्या कोणाशी बोलत नव्हत्या, रडतही नव्हत्या. ताईंनी मला सोबत चला म्हटले. सुकत घातलेल्या बोंबलांच्या कडेला त्या हिराबाईंजवळ जमिनीवर बसल्या आणि हळू आवाजात गाऊ लागल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना मोकळेपणी गाताना कधी ऐकलेच नव्हते. कोणता राग, कोणता ताल, मी शोधत राहिलो. काही हाती लागले नाही. हिराबाई मात्र ताईंच्या खांद्यावर डोके ठेवून रडू लागल्या. नंतर मला म्हणाल्या, "ती काय बोलली ते मला नाय कळला, मास्तर. पन रडायला जागा झाली." मी आयुष्यभर गाणे शिकवले. ते वाक्य मला अजून पुरते उमगलेले नाही.

विश्वासराव वारल्यावर दोन वर्षांनी ताईंचे एक जुने गाणे जर्मनीतल्या तरुणांत पुन्हा गाजू लागले. बोलावणे आले. मानाने ठेवून घेणारे लोक होते, राहायला घर होते. आम्ही डोळे पुसत निरोप दिला. त्या परतणार नाहीत, असेच सगळे धरून चाललो होतो.

तिसऱ्या महिन्यात त्या मला बोईसरच्या बाजारात मांदेलीचा भाव करताना दिसल्या.

"कार्यक्रम कसे झाले?" मी गडबडून विचारले.

"लई चांगले झाले. लोक उभे राहून नाचले."

"मग?"

"मग आले."

हिराबाईंना त्यांनी सांगितले की तिकडे थंडी सोसवेना. शेजाऱ्यांना सांगितले की घराला ओल येईल म्हणून परतले. मी फारच खोदून विचारले तेव्हा म्हणाल्या, "तिथे सगळ्यांना जुनी लोर्ना पायजे होती. ती मला पन सापडली नाय." यातले खरे कोणते, की तिन्ही खरी, याचा निवाडा मला करता आलेला नाही.

या अंकात ताईंच्या नावाखाली काय छापावे, असे अंकाच्या समितीने मला विचारले. गायिका? समाजसेविका? मी ताईंनाच फोन केला. "नाव लिवा. बाकी राहू द्या," त्या म्हणाल्या.

ताई, आपल्याला उत्तम आरोग्य आणि भरपूर आयुष्य लाभो. पुढच्या कार्यक्रमात पहिले गाणे आपले असेल. पत्रिकेत तसे छापून घेतले आहे. आपण मला थोड्या कळल्या आहात, बऱ्याच कळायच्या राहिल्या आहात. माझी समज संथ आहे, म्हणून देवाने आपल्याला वर्षे देताना हात आखडता घेऊ नये.