कोपरा फाडलेलं पाकीट

आपण देवाजवळ काय मागितलं, हे माणूस सहसा कोणाला सांगत नाही. मीही आजवर एकाच व्यक्तीला सांगितलं, आणि त्यालाही मला वर्ष लागलं. आता वय झालं आहे, लाज बरीचशी झिजली आहे, म्हणून लिहायला बसलो. वाचणाऱ्याने मला चांगला माणूस समजावं अशी अपेक्षा नाही.

आमच्या भागाची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, त्यानंतर दीडेक वर्षाने घडलेली ही गोष्ट. बुऱ्हाणपुरात लोधीपुऱ्यात आमचं घर. घरात वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणायचो. मोठा भाऊ, म्हणजे दादा, शाळामास्तर. माझी बायको आणि आमची चार वर्षांची शकू. मी फौजेत कारकुनी करणारा हवालदार. शांतिसेनेबरोबर गाझाच्या वाळूत जाऊन पडलो होतो. लढाई काही नव्हती, दिवसभर रेशनच्या याद्या आणि रजेचे कागद. दादाचं पत्र पोचायला तीन-तीन आठवडे लागायचे. शेवटच्या पत्रात दोन बातम्या होत्या. आबांचा दमा फार वाढला आहे, आडवं होता येत नाही, बसूनच रात्र काढतात. आणि शकूला विषमज्वर झाला आहे, आज तेरावा दिवस, ताप उतरत नाही. त्यानंतर महिनाभर घरून एक ओळ आली नाही. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते मी त्या महिन्यात पुरतं भोगलं.

आमच्या तुकडीच्या दवाखान्यात जोसेफ नावाचा त्रावणकोरकडचा नर्सिंग हवालदार होता. ख्रिस्ती जवानांना येशूच्या जागा दाखवायला एक ट्रक तीन दिवसांसाठी निघणार होता आणि त्यात एक जागा रिकामी होती. जोसेफ म्हणाला, "इधर बैठके रोज डाक का रास्ता देखेगा, उससे अच्छा साथ चल." मी हो म्हटलं. निघायच्या सकाळी मी ट्रकमध्ये चढत असताना डाकेचा शिपाई धावत आला आणि त्याने माझ्या हातात पाकीट दिलं. वर दादाचं अक्षर. पाकिटाचा एक कोपरा फाडलेला. शिपाई पंजाबी, त्याला वाटलं वाटेत फाटलं. बिचाऱ्याने माझी माफीसुद्धा मागितली.

आमच्याकडे मयताचं पत्र असं पाठवतात. फाडलेला कोपरा दिसला की ते पत्र घरात न्यायचं नाही. बाहेर उभं राहून वाचायचं, फाडून टाकायचं आणि अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावरून पाणी घ्यायचं. मी ते वाचलंच नाही. सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं आणि बसून राहिलो. वाचलं तर सुतक लागेल, मग देवाच्या जागी कसं शिरायचं, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं कारण भीती होती. घरात दोन माणसं आजारी होती आणि त्यातलं एक गेलं होतं. पाकीट बंद होतं तोवर दोघंही माझ्यासाठी जिवंत होती.

पहिला मुक्काम बेथलेहेम. तिथल्या चर्चचं दार इतकं ठेंगणं की भल्याभल्यांना वाकूनच आत जावं लागतं. खाली एक गुहा, तेलाचे दिवे, आणि जिथे ते बाळ जन्मलं असं म्हणतात तिथे जमिनीत बसवलेली चांदीची चांदणी. जोसेफ गुडघे टेकून हमसून रडत होता. त्याच्या मागे भिंतीला टेकून मी उभा होतो, हात खिशावर. आणि तिथे, एका लेकराच्या जन्माच्या जागी, मी मनात म्हणालो, देवा, कोणीतरी गेलंच असेल तर आबा असू देत.

हे मी कोणत्या देवाला म्हणालो, ते आजही सांगता येणार नाही. लहानपणापासून संकटात मला आमच्या गावाजवळच्या असीरगड किल्ल्यावरचा महादेवच आठवायचा. त्या दिवशी तोही आठवला नाही, समोर जो कोणी असेल त्याच्यापुढे मी हात पसरले. मागितलं ते मूर्खपणाचंही होतं. पत्र तीन आठवड्यांपूर्वी लिहिलेलं, जे व्हायचं ते होऊन गेलेलं. तरी मी बाहेर आल्यावर पुन्हा तेच मागितलं, ट्रकमध्ये बसल्यावर पुन्हा तेच. आबा जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस तोलायचे. तीस वर्षं ती कापसाची धूळ छातीत घेऊन त्यांनी आम्हा दोघा भावांना शिकवलं. त्यांचा दमा आला तो तिथूनच. त्या माणसासाठी मी मरण मागत होतो, तेही पुन्हापुन्हा, नामजप करावा तसं.

दुसऱ्या दिवशी यरीहो या प्राचीन शहराचे अवशेष पाहिले. असीरगड उशाशी घेऊन वाढलेल्या माणसाला पडक्या भिंतींचं फारसं कौतुक नसतं. हे तर नुसतं मातीचं टेकाड होतं, त्यात खोल चर खणलेले. पण गाइड म्हणाला की ही भिंत येशूच्याही हजारो वर्षं आधीची आहे, आणि इथली माणसं आपल्या म्हाताऱ्यांना घराच्या जमिनीखालीच पुरत, म्हणजे ती घरातच राहत. बाकीचे पुढे गेले. मला मात्र त्या चराच्या काठावरून हलवेना. त्या लोकांना मेलेला बापही दूर जाऊ द्यावासा वाटत नव्हता, आणि मी जिवंत बापाला हाताने बाहेर ढकलत होतो. शेवटी जोसेफने हात धरून मला ट्रकपर्यंत आणलं.

तिथून यार्देन नदी जवळच, येशूचा बाप्तिस्मा झाला ती. मनात मोठी नदी होती. पाहिली तर उन्हाळ्यातल्या आमच्या तापीपेक्षाही लहान, गढूळ, दोन्ही काठांना लव्हाळं. यात्रेकरू पांढरे सदरे घालून पाण्यात उतरत होते. मी बाजूला एका दगडावर बसलो आणि पाकीट बाहेर काढलं. आता आणखी टाळणं शक्य नव्हतं. पण बोटं इतकी थरथरत होती की ते उघडता येईना. शेजारी काळ्या कपड्यातली एक म्हातारी बसली होती, मांडीवर पांढऱ्या कापडाची घडी. ती जराशाने उठली, माझ्या हातातून पाकीट घेतलं, नखाने अलगद उघडलं, आतला कागद न पाहताच मला दिला आणि माझ्या शेजारी बसली. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला.

दादाने लिहिलं होतं: "कळवण्यास दुःख होते की आपले आबा एकादशीला सकाळी गेले. तार केली नाही, तू येऊ शकला नसतास. शकूचा ताप उतरून सहा दिवस झाले, मऊ भात खाते. जाताना आबांनी तुझी याद केली. तिथे मिळेल त्या पाण्याने अंघोळ कर."

आणि मला बरं वाटलं. हेच लिहायला इतकी वर्षं धीर होत नव्हता. बाप गेल्याचं वाचलं आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. पाचएक श्वास मी सुखात घेतले असतील. मग मी काय केलं ते मला दिसलं. पत्र फाडून पाण्यात सोडलं आणि बूट काढून, कपड्यांनिशी नदीत उतरलो. गंगेत स्नान करावं, नर्मदेचं दर्शन घ्यावं, पण तापीच्या नुसत्या स्मरणानं पाप जातं, असं आमच्याकडे मानतात. मी तापीचं नाव घेत बुडी मारली. तीनदा. पाप गेल्यासारखं वाटलं नाही. रडूही आलं नाही.

मार्चचा वारा होता. बाहेर आलो तेव्हा दात वाजत होते. म्हातारीने मांडीवरची घडी मोडली आणि ते लांब कापड माझ्या डोक्याखांद्यांवर टाकून आई मुलाला पुसते तसं मला खसाखसा पुसलं. मग ते पाण्यात बुडवून, पिळून, पुन्हा घडी करून ती चालू लागली. जोसेफ पाहत होता. त्याचा चेहरा उतरला होता. तो म्हणाला, "मालूम है वो क्या था? उसका कफन. ये लोग इस पानी में भिगोके घर ले जाते हैं, मरने के वक्त के लिए." मी तिच्यामागे धावलो, पण ती गर्दीत दिसली नाही. तिचे आभार मानायचे राहून गेले.

मी घरी परतलो तो आबांच्या वर्षश्राद्धाला. दुपारी जेवणं आटोपून लोक गेले. बायको पत्रावळी गोळा करत होती आणि मी तिला सगळं सांगून टाकलं. बेथलेहेमची ती गुहा, मी काय मागितलं, पत्र वाचून काय वाटलं. ती काही वेळ पत्रावळी एकावर एक ठेवत राहिली. मग म्हणाली, "मी पण तेच मांगत होती. रोज."

मी तिच्या हातातल्या पत्रावळी घेऊन खाली ठेवल्या.

"आबांना समजलं होतं," ती म्हणाली. "एक दिवस मी देवापुढे बसली होती. खाटेवरून म्हणाले, माय, तू मनात जे मांगतेस ना, ते तू नको मांगू. सून आहेस, तुला जनमभर सलेल. मी मोठ्यानं मांगतो, सगळे ऐका. अन् मांगलं. दम पुरत नव्हता, तरी पूर्ण बोलले."

"दादाने हे लिहिलं नाही."

"त्यांच्याच्यानं लिहवलं नाही. आबा तर सांगत होते, त्याला कळवा. म्हणाले, तो पण तिकडे हेच मांगत असेल. मांगू द्या त्याला, लेकीचा बाप आहे तो."

वर्षभर न आलेलं रडू तेव्हा आलं. उष्ट्या पत्रावळींजवळ बसून मी लहान मुलासारखा रडलो, आणि बायकोने मला थांबवलं नाही.

हा चमत्कार होता का, मला माहीत नाही. माझ्या मागण्याने काहीच घडलं नव्हतं. पण मी ज्याला लोटून देत होतो, त्याने मला आधीच ओळखलं होतं आणि माफ करून टाकलं होतं, नदीवर माझी बोटं थरथरत होती त्याच्याही आधी. एवढी कृपा मला पुरली. आता देवापुढे बसतो तेव्हा मी काही मागत नाही. कोणाला ठेवायचं आणि कोणाला न्यायचं हे त्याचं त्याला कळतं. मी आबांचं नाव घेतो, हात जोडतो आणि उठतो.