कमलाबाईंच्या पंक्तीतला शेवटचा मेंबर

भोईवाड्याच्या चाळीत कुजबूज अशी होती की कांता नवऱ्याला उपाशी ठेवते. म्हणून तर बिचारा जगदीश, एकोणसत्तर वर्षांचा गृहस्थ, रोज भर दुपारी छत्री काखेत मारून लालबागला दुसऱ्या बाईकडे जेवायला जातो. चंपाने हे नळाला पाणी आल्यावर सांगितलं आणि पाणी जाईपर्यंत चारही मजल्यांना कळलं. दुसरी बाई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, एवढं मात्र चंपाने गाळलं. गोष्टीची चव जाते ना!

जगदीशने गिरगावात, फणसवाडीजवळच्या एका छापखान्यात चाळीस वर्षं प्रुफं तपासली. त्यात डोळे गेले आणि शब्द जमले. सगळ्यांत लाडका शब्द ‘ॲलिबल’. एका वैद्यकीय कोशाच्या प्रुफात तो भेटला. अर्थ, पोषक. लॅटिनमध्ये ‘पोसणे’ या अर्थाचं एक क्रियापद आहे, त्याच्याच घरातलं हे पोर. जुने इंग्रज वैद्य म्हणत, खाल्लेल्यातलं जेवढं अंगी लागतं तेवढंच ॲलिबल. बाकीचं आपल्या वाटेने जातं. पुढे दुसरे शब्द आले, याला कोणी विचारेना, आणि कोशवाले शेजारी ‘दुर्मीळ’ लिहून मोकळे झाले. जगदीशला मात्र तो शब्द वाचताना एकच बाई आठवली होती.

कमलाबाई लालबागला गिरणी कामगारांची खानावळ चालवायच्या. सत्त्याहत्तर साली एकवीस वर्षांचा, आईबाप नसलेला जगदीश त्यांच्या दारात उभा राहिला. त्यांनी नाव विचारलं. आडनाव विचारलं नाही. बाकीचे बसत त्याच पंक्तीत त्याचं ताट मांडलं. लग्न होईपर्यंत सात वर्षं तो तिथे जेवला.

यंदा फेब्रुवारीत कमलाबाई मोरीत घसरल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं, घरी आल्या, आणि जेवणच सोडलं. सून बकुळा रजा टाकून घरी बसली. अकराच्या ठोक्याला गरम पेज, तीही घरातल्या सगळ्यांच्या आधी. सासूबाई तोंड फिरवत. डॉक्टरांनी सांगून टाकलं, सोमवारपर्यंत पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल.

रविवारी जगदीश भेटायला गेला. घरी कांताने मटण केलं होतं, ते पोटभर हाणूनच निघाला होता. कमलाबाई भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. बकुळा रडवेली झाली होती.

“भाऊजी, आणखी काय करू? आधी यांना भरवते, मगच आम्ही बसतो.”

तेवढ्यात खाटेवरून बारीक आवाज आला. “सगळी जेवली?”

जगदीश चमकला. खानावळीत शेवटचा मेंबर हात धुवून उठेपर्यंत ही बाई घास घेत नसे. एखाद्याला गिरणीतून सुटायला चार वाजले, तर चारपर्यंत त्याचं ताट झाकून बसून राही. आणि आता तिला सगळ्यांच्या आधी भरवत होते!

“बकुळे, पहिलं ताट मला वाढ.”

“तुम्ही जेवून आलात ना?”

“ते हिला सांगू नकोस गं!”

खाटेशेजारी मांडी ठोकून त्याने बोंबलाचं कालवण भुरके मारत संपवलं. मटणावर बोंबील, काय झालं असेल ते पोटालाच माहीत. हात धुतला आणि म्हणाला, “मावशी, शेवटचा मेंबर उठला.”

कमलाबाईंनी मान वळवली. “कालवण कसा झाला?”

“मीठ कमी.”

“बघू. माका वाढ.”

चार घास गेले, मग आणखी दोन. नळी टळली. दुसऱ्या दिवशी एक वाजता जगदीश पुन्हा हजर, तिसऱ्या दिवशीही. महिन्याभराने, जेवता जेवता, त्याने तो शब्द एकदाचा बाहेर काढला.

“मावशी, तुझ्या जेवणाला इंग्रजीत शब्द आहे. ॲलिबल.”

“इंग्रज कधी इलो माझ्याकडे जेवूक?”

“पोटगीला इंग्रजीत ॲलिमनी म्हणतात ना, तोही याच घराण्यातला.”

“पोटगी? मी तुका कधी सोडलंय, मेल्या?”

“आणि एका जुन्या कोशात आणखी एक अर्थ दिलाय. जो पोसला जातो, तोही ॲलिबल.”

“म्हणजे वाढणारी नि जेवणारो, दोघांका एकच शब्द? टंचाई दिसता त्यांच्यात.”

जगदीशला म्हणायचं होतं, मावशी, माझ्या अंगावर जे काही मांस आहे ते तुझं आहे. ते काही जमलं नाही. “भात वाढ अजून,” एवढंच म्हणाला आणि डोळ्यांतलं पाणी तिखटाच्या नावावर खपवलं.

कमलाबाई आता काठी टेकत ओट्यापर्यंत जातात आणि बकुळेच्या मिठाला नावं ठेवतात. जगदीशचं जाणं चालूच आहे.

राहिली चंपाची बातमी. ती खरी होती. जगदीशला मधुमेह आहे. त्या रविवारच्या दोन जेवणांनी साखर तीनशेवर गेली. तेव्हापासून कांता त्याला दुपारी घरी जेवायला वाढत नाही.