ओमप्रकाशच्या गंजातली डाळ

तर लीलाबाईनं ओमप्रकाशच्या दारात गंज आणून ठेवला, इथपर्यंत काल आलो होतो. त्या पातेल्यात तुरीची डाळ. सकाळपासून चुलीवर, तरी दाणा न् दाणा टणक. ओमप्रकाश अकोल्यात घरांची दलाली करतो, आणि शहराच्या कडेचं ते घर लीलाबाईच्या नवऱ्याला, नत्थुजीला, त्यानंच नुकतं घेऊन दिलेलं. लीलाबाई म्हणाली, "भाऊजी, हे तुमच्या घराचं पाणी. घ्या, जेवा."

तो जेवला की नाही, यावर आजही दोन मतं आहेत. त्याची बायको पार्बताबाई म्हणते, दोन घास खाल्ले आन् पोट धरून फिरला. पण तेव्हापासून त्यानं रीतच पाडली. आपला हा खारपाणपट्टा, जमिनीतलं पाणी खारं, त्यात डाळ शिजत नाही. बोअरचं पाणी दिसायला काचेसारखं. त्याचा गुण कळतो डाळ टाकल्यावर. म्हणून घर दाखवायला निघाला की स्कूटरवर पिशवी, पिशवीत गंज, मूठभर डाळ आणि छोटी शेगडी. कुकर नाही. कुकरात काहीही शिजतं, म्हणतो. डाळ चढली की गिऱ्हाइकाला शेजाऱ्यांचे स्वभाव सांगणार, मे महिन्यात कोणती भिंत तापते ते सांगणार.

जीवन नावाचा दुसरा दलाल टोमणा मारी, "ओमभाऊ, घरं विकता का खानावळ चालवता?" मारू द्या. बायामाणसं घर पाहताना विचारू लागली, ओमप्रकाशची डाळ शिजली का? शिजली म्हटलं की त्याची दलाली न मागता हातात पडे.

आता नत्थुजी राहिले नाहीत. परवाच्या उन्हाळ्यात लीलाबाई न्हाणीत घसरली, ती दूधवाला येईपर्यंत तशीच पडून. लेक आरती परतवाड्याला. तिच्या भिंतीला लागून दोन खोल्या विकायला निघाल्या. मालक दसऱ्यापर्यंत थांबायला तयार. लेकीकडेच जाऊन राहा म्हणाल, तर जावयाच्या घरी कायमचं राहणं लीलाबाईच्या रक्तात नाही. म्हणजे हे घर विकलं तरच त्या खोल्या.

ओमप्रकाशनं गिऱ्हाइकं कमी आणली का? प्रत्येकाला अंगण आवडे, ओसरी आवडे. मग डाळ चढे, तशीच टणक उतरे, आणि माणसं चपला शोधू लागत.

"भाऊजी," लीलाबाई एकदा म्हणाली, "साऱ्या गावाचे घरं विकून राहिले, माहंच काहून विकल्या जात नाही? ते डाळीचं खूळ एक डाव सोडा ना."

"खूळ तुमचंच आहे, वहिनी."

"मंग मीच म्हणतो, सोडा."

ओमप्रकाश जीवनकडे द्या म्हणाला. तो टाकीत गोड्या पाण्याचा टँकर ओततो आणि घर विकून मोकळा होतो. तर बाई म्हणे, त्या माणसाच्या हाती मी चावी देत नाही. ओमप्रकाशला सोडायचंही नाही आणि त्याचं ऐकायचंही नाही. ओमप्रकाश घरी येऊन नुसता पंख्याकडे पाहत बसे.

दसरा जवळ आला तेव्हा तिवस्याहून बदलून आलेली एक नर्स, मंजुषा, नवऱ्याला घेऊन आली. घर तिच्या मनात भरलं. ओमप्रकाशनं पिशवीतून गंज काढला, तर लीलाबाईनं तो हातातून घेतला. "तुमी बसा. पाणी मी आणतो."

चहा संपायच्या आत डाळ फुलली. मंजुषानं दाणा बोटात धरला, तर लोण्यासारखा विरला.

ओमप्रकाशनंही एक दाणा दाबून पाहिला. या घरात असा दाणा त्यानं कधी पाहिला नव्हता. स्वयंपाकघराच्या दाराआड विकतच्या पाण्याची निळी कॅन उघडी होती. दारात लीलाबाई पदराचं टोक पिळत उभी, नजर जमिनीला. तो उठला, पुन्हा बसला.

"काका, शिजली की," मंजुषा हसून म्हणाली. "इसार आजच देऊन टाकू?"

त्यानं शेगडी विझवली. मग बोलला ते असं:

"इसार राहू द्या, ताई. या वहिनीनं एक डाव मले कच्ची डाळ आणून दाखवली होती. उद्या तुमी आणान, तं मी कुठं तोंड लपवू? आन् तुमी घर नाही घेतलं, तं वहिनीपुढं कुठं लपवू? मले तं काईच सुचून नाही राहिलं. पण हे पाणी कॅनचं आहे, एवढं मले सांगाच लागते."